नाशिकच्या हिऱ्याचे मोल

त्र्यंबकेश्वराला वाहिलेला म्हणून परंपरेने ओळखला जाणारा ‘नाशिकचा हिरा’ १८१८ साली, पेशवाई बुडाली तेव्हा, इंग्रजांच्या हाती पडला. लुटीच्या ऐवजाबरोबर तो लंडनला गेला आणि १८३७ साली तेथील लिलावात ७,२०० पौंडांना विकला गेला. मूळ वजन सुमारे ९० कॅरेट. पण पाश्चात्त्य जवाहिऱ्यांनी पुन्हा पुन्हा पैलू पाडले आणि १९४० साली ते ४३.३८ कॅरेटवर आले. १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ५ लाख डॉलर मिळाले. वजन निम्म्याहून घटले, किंमत मात्र चढत गेली. अर्पणाचा अर्थ जाणणाऱ्या आम्हांला एवढेच वाटते, की बोली हिऱ्यावर लागली. तो वाहणाऱ्या श्रद्धेवर बोली लावणे कोणालाच शक्य नव्हते.