‘फ्रीडम’ आणि ‘लिबर्टी’ : दोन शब्दांचा इतिहास

इंग्रजीतील ‘फ्रीडम’ व ‘लिबर्टी’ हे शब्द व्यवहारात समानार्थक मानले जातात. आयझाया बर्लिन यांनीही १९५८ सालच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात त्यांच्यात भेद केलेला नाही. तथापि त्यांची कुळे भिन्न आहेत, आणि कुळभेदाची खूण अर्थात दीर्घकाळ टिकून राहिली.

‘फ्री’ हा शब्द जर्मानिक असून संस्कृत ‘प्रिय’ याचा सहोदर होय. ‘फ्रेंड’ही त्याच धातूतून निघाला. ‘प्रिय’ याचा ‘स्वतंत्र’ कसा झाला, याची सर्वमान्य उपपत्ती अशी, की प्रिय म्हणजे कुळातली, आपली माणसे. जो कुळातला तो दास नव्हे. लॅटिनमध्येही ‘लीबेर’ म्हणजे स्वतंत्र आणि त्याचेच बहुवचन ‘लीबेरी’ म्हणजे घरातील मुले. व्युत्पत्ती निराळी, विचार मात्र तोच.

भेद पडला तो राजकीय इतिहासामुळे. ‘फ्रीडम’ची आल्फ्रेड राजाच्या काळापासूनची परंपरा चालू असतानाच, १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर सनदांची भाषा लॅटिन झाली. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये ‘लीबेर्तातेस’ असे बहुवचन येते. ज्याचे अनेकवचन होते, जे मोजून देता येते, ते मनुष्याचे स्वरूप नसून राजाने मान्य केलेली सवलत असते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचमार्गे इंग्रजीत रुळलेल्या ‘लिबर्टी’ने हा अर्थ सोबत आणला. शहराच्या अंमलाबाहेरील प्रदेशासही ‘लिबर्टी’ म्हणत. थेम्सच्या दक्षिणेकडील ‘लिबर्टी ऑफ द क्लिंक’ हा विंचेस्टरच्या बिशपच्या सत्तेखाली होता; म्हणूनच १५८७ साली ‘रोझ’ नाट्यगृह तेथे उभे राहू शकले. याच ‘लिबर्टी’त एक तुरुंग होता, आणि त्याच्या नावावरून इंग्रजी बोलीत तुरुंगालाच ‘क्लिंक’ म्हणू लागले! अर्थात हा भेद रेखीव नाही. नगराचे ‘फ्रीडम’ हीसुद्धा बहाल केलेली सवलतच होती.

या शब्दभेदाला भारतात अनपेक्षित महत्त्व आले. संविधानाच्या मसुदा समितीने ‘लिबर्टी’मागे ‘पर्सनल’ हे विशेषण जोडले. ते नसते तर त्या शब्दात अन्य अनुच्छेदातील ‘फ्रीडम्स’ही समाविष्ट होतील, अशी तिची धास्ती होती. १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्या ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने अनुच्छेद १९ मधील ‘फ्रीडम’ व अनुच्छेद २१ मधील ‘पर्सनल लिबर्टी’ ही परस्परभिन्न क्षेत्रे मानली. न्या. फज्ल अली यांचे मत विरुद्ध होते. वस्तुतः दोन्ही अनुच्छेद ‘राइट टू फ्रीडम’ या एकाच शीर्षकाखाली येतात. बहुमताची विभागणी शब्दार्थाच्या दृष्टीने दुबळी होती, असेच म्हणावे लागते. एका मनुष्याची सुटका मात्र तिच्यावर अवलंबून होती. हा दृष्टिकोन १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात ढळला आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात संपुष्टात आला.

मराठी संविधानात दोहोंसाठी ‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द असून ‘पर्सनल’करिता ‘व्यक्तिगत’ आहे. १९५० चा तो वाद मराठी पाठावरून लढवायचा असता, तर वकिलांना सगळी भिस्त त्या एका विशेषणावर ठेवावी लागली असती.