डोक्यावरील खवले : एका रोगाच्या नांवाचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरांत, गुलमंडीवर किंवा शहागंजांत, केशकर्तनालयाच्या खुर्चीवर एखादा गृहस्थ येऊन बसतो. कारागीर त्याच्या खांद्यावर कापड टाकतो, केसांत कंगवा घालतो आणि मध्येंच थबकतो. केसांच्या मुळाशीं तांबूस चट्टे असतात आणि त्यांवर अभ्रकासारखे चकचकीत, पांढुरके खवले थरावर थर साचलेले असतात. कारागीर बोलत कांहींच नाहीं. परंतु शेजारच्या खुर्चीवरील माणूस किंचित् सरकून बसतो. त्या एवढ्याशा सरकण्यामागें दोन हजार वर्षांचा इतिहास उभा आहे. डोक्याची खाज औषधानें शमते. पण त्या सरकण्यानें मनास जो डंख बसतो, त्याचें निवारण करावयाचें तर तो इतिहासच उलगडून पाहिला पाहिजे.

ह्या रोगाचें आजचें नांव सोरायसिस. लोक त्याला कधीं कोंडा म्हणतात, कधीं खवडा, कधीं नायटा, आणि फार घाबरले म्हणजे आवाज खालीं आणून महारोग म्हणतात. वास्तविक तो यांपैकीं कांहींच नव्हे. निरोगी माणसाची वरची कातडी सुमारें एका महिन्यांत हळूहळू नवी होते. ह्या रोगांत तेंच काम तीन-चार दिवसांत उरकलें जातें, आणि जुनी कातडी झडून जाण्यापूर्वींच नवी तिच्यावर येऊन आदळते. शरीराचें रक्षण करणारी यंत्रणाच चुकून स्वतःच्या त्वचेवर चालून जाते, म्हणून असें होतें. त्यांत जंतूचा संसर्ग नाहीं. म्हणून हा रोग स्पर्शानें, कंगव्यानें किंवा उशीनें दुसऱ्यास लागत नाहीं.

हें ज्ञान प्राचीनांस नव्हतें. परंतु त्यांचें निरीक्षण मात्र सूक्ष्म होतें. चरकसंहितेंत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठें आणि अकरा क्षुद्रकुष्ठें. त्यांतील एककुष्ठाला माशाच्या खवल्यांची उपमा दिली आहे, आणि आजचे वैद्य सोरायसिसचें साम्य त्याच्याशीं व किटिभाशीं जुळवितात. सुश्रुतानें केशभूमि रूक्ष होऊन भेगाळते व खाजते अशा विकारास दारुणक म्हणून वेगळेंच नांव दिलें. तेव्हां भेद शास्त्रकारांस ठाऊक होते. परंतु 'कुष्ठ' ह्या एका छत्राखालीं अठराही जण उभे केलेले असल्यामुळें पुढें लोकव्यवहारांत तो शब्द केवळ महारोगाचा वाचक झाला, आणि धाकट्यांनाही थोरल्याचा कलंक लागला.

पश्चिमेकडे याहून मोठा घोटाळा झाला. ग्रीक भाषेंत 'लेप्रा' म्हणजे खवल्यांचा विकार आणि 'सोरा' म्हणजे खाज. हिब्रू धर्मग्रंथांतील एका अशुचि मानलेल्या त्वचाविकारास ग्रीक भाषांतरकारांनीं 'लेप्रा' शब्द योजिला. पुढें तोच महारोगास चिकटला. अशा रीतीनें ज्या शब्दाचा मूळ अर्थ खवले, तो शब्द गेला महारोगाकडे. आणि ज्याच्या अंगावर खरोखर खवले, त्याच्या वांट्यास आली त्या शब्दाची भीति! एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या रॉबर्ट विलन यांनीं ह्या रोगाचें सुरेख वर्णन केलें; पण त्यांनींही त्याच्या एका प्रकारास 'लेप्रा' हेंच नांव राहूं दिलें. अखेर १८४१ सालीं व्हिएन्नाच्या फेर्डिनांड हेब्रा यांनीं हे दोन्ही प्रकार एकाच रोगाचे असून महारोगाशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं, असा निवाडा केला. १८७३ सालीं नॉर्वेंत हान्सेन यांना महारोगाचा जंतु सांपडला, तेव्हां शास्त्रापुरता तरी हा वाद मिटला.

नांव मिळालें, औषधाचें काय? येथें इतिहास आपल्या कोंकणकिनाऱ्यावर येतो. गोमंतकांत आणि मुंबईंत 'गोवा पावडर' ह्या नांवाची एक पिवळसर-तपकिरी पूड नायट्यावर लावीत असत. ती मिळे महाग, आणि येते कोठून हें गुपित होतें. १८६४ मध्यें मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनीं तिची माहिती विलायतेस कळविली. १८७५ मध्यें ब्राझीलमधील बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनीं गुपित फोडलें : ही तर त्यांच्याच अरण्यांतील अरारोबा वृक्षाच्या खोडाच्या पोकळींत सांपडणारी पूड! पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेनें ती गोव्यास आली आणि गोव्याचें नांव लावून जगांत फिरली. पुढें १८७६ च्या सुमारास लंडनमध्यें बाल्मॅनो स्क्वायर यांना असें आढळलें कीं, नायटा समजून ही पूड लावणाऱ्या एका रोग्यास वस्तुतः सोरायसिस होता, आणि तो ओसरत होता. एका चुकीनें हा रोग शतकानुशतकें बदनाम केला. दुसऱ्या चुकीनें त्याला औषध मिळवून दिलें.

परंतु डोक्याच्या रोग्याचें दैव येथेंही आड आलें. ह्या पुडीनें कातडी व कपडे डागाळत, केसांचा रंग बदले, आणि ती डोळ्यांत उतरली तर डोळे सुजत. पाठीवर चालणारें औषध माथ्यावर चालेना. पहिल्या महायुद्धांत ब्राझीलचा माल येईनासा झाला, तेव्हां १९१६ मध्यें जर्मनींत तिच्या जागीं डिथ्रॅनॉल हें कृत्रिम औषध वापरांत आलें. १९२५ मध्यें अमेरिकेंत गोकरमन यांनीं दगडी कोळशाचें डांबर आणि अतिनील किरण यांची जोड घातली. तेंच डांबर सौम्य होऊन आज केस धुण्याच्या औषधांत आलें आहे. १९५१ मध्यें गबनर यांनीं संधिवातासाठीं दिलेल्या ॲमिनॉप्टेरिननें त्वचाही निवळते हें पाहिलें. हें औषध भीमवरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालीं अमेरिकेंत सिद्ध झालें होतें. त्याचाच भाऊबंद मेथोट्रेक्सेट आजही वापरांत आहे. १९५२ पासून त्वचेवर लावण्याचीं स्टेरॉइडें आलीं, आणि २०१३ मध्यें भारतांतच घडविलेलें इटोलिझुमॅब हें जैविक औषध बाजारांत आलें.

मराठवाड्यास ह्या विद्येचें दार उशिरां उघडलें. १९४८ पर्यंत हा प्रांत निजामाच्या राज्यांत होता, आणि वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठीं हैदराबादची वाट धरावी लागे. १९५६ मध्यें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें. त्याच्या रुग्णालयास सारा मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो. तेव्हांपासून डोक्यावरील खवल्यांस त्यांचें खरें नांव सांगणारा डॉक्टर गांवांतच भेटूं लागला.

तरी एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. हा रोग आटोक्यांत राहतो. मुळापासून उपटून जात नाहीं. म्हणून 'कायमचा बरा करतों' असें सांगणाऱ्यापासून दूर राहणें, हा पहिला उपचार. दुसरा, फणीनें खवले खरवडूं नयेत. त्वचेस इजा होईल तेथें नवा चट्टा उठतो, हें कोब्नर यांनीं एकोणिसाव्या शतकांतच दाखविलें. खवले तेलानें किंवा सॅलिसिलिक आम्लाच्या मलमानें आधीं मऊ करावे. मग केसांचे भांग पाडून औषध केसांवर नव्हे, तर कातडीवर पोंचवावें. स्टेरॉइड डॉक्टर सांगतील तितकेच दिवस लावावें. दक्खनच्या पठारावरील कोरड्या थंडींत पुष्कळांचा त्रास वाढतो, तेव्हां स्निग्धता अधिक जपावी. धूम्रपान व मद्य वर्ज्य करावें. सांधे दुखूं लागले किंवा सकाळीं बोटें आंखडूं लागलीं, तर तें डॉक्टरांस अवश्य सांगावें, कारण हा रोग सांध्यांतही उतरतो. टक्कल पडेल ही धास्ती मात्र बहुधा व्यर्थ असते; गळलेले केस प्रायः पुन्हां येतात.

राहिला तो शेजाऱ्याच्या सरकण्याचा प्रश्न. महारोग्यांस वेगळें कोंडणारा कायदा हिंदुस्थानांत १८९८ मध्यें झाला. महारोग हें घटस्फोटाचें कारण २०१९ पर्यंत कायद्यांत होतें. ज्या रोगाशीं ह्या रोगाचा संबंध नाहीं, त्याच्या शिक्षेची छाया लग्नाच्या बोलण्यांत, वर्गांतील बाकावर आणि न्हाव्याच्या खुर्चीवर ह्यानें भोगली. महारोगही आज औषधानें पूर्ण बरा होतो, म्हणजे ती भीति तेथेंही शिळी झाली आहे. २०१४ सालीं जागतिक आरोग्य परिषदेनें सोरायसिस हा असंसर्गजन्य विकार असल्याचें ठरावानें जाहीर केलें. जिनिव्हाचा तो ठराव गुलमंडीवरच्या त्या खुर्चीपर्यंत मात्र अजून पोंचावयाचा आहे. तो पोंचविण्यास डॉक्टरच पाहिजे असें नाहीं. कारागिरानें कंगवा न थांबवितां भांग पाडला, आणि शेजारी आपल्या जागीं स्वस्थ बसला, कीं हेब्रा यांनीं १८४१ मध्यें आरंभिलेलें काम तेवढ्यापुरतें पुरें होतें.