जैसे थे करार : हैदराबादच्या लांबलेल्या वाटाघाटी

भारत सरकार आणि हैदराबाद संस्थान यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे करार’ झाला. विलीनीकरणाच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. ते वर्षभर पुढे ढकलण्याची सोय मात्र होती. न्यायालयांच्या तात्पुरत्या आदेशांसाठी आपण आजही हाच शब्द वापरतो. फरक असा, की त्या आदेशांमागे अवमानाचा धाक असतो. या करारात लवादाचे कलम होते, तरी तंटे आरोप-प्रत्यारोपांतच अडकून पडले.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्येच दोन्ही घटना समित्यांपासून अलिप्त राहण्याचे फर्मान काढले होते. १५ ऑगस्टनंतर त्यांना दोन महिन्यांची सवलत मिळाली. ऑक्टोबरमध्ये मसुदा ठरला. परंतु २७ ऑक्टोबरच्या पहाटे, शिष्टमंडळ दिल्लीस निघण्यापूर्वीच, इत्तेहादच्या जमावाने सदस्यांच्या घरांना वेढा घातला. छत्तारीचे नवाब पंतप्रधानपदावरून पायउतार झाले. नव्या शिष्टमंडळाने महिनाभराने जवळजवळ तोच मसुदा स्वीकारला. या महिन्यात निजामांच्या पदरात काही पडले नाही. वाढला तो कासीम रझवी यांचा दबदबा.

पुढील वर्षात वेळ दोघांनाही हवा होता. दिल्ली काश्मीरमध्ये गुंतली होती. निजामांना परिस्थिती पालटण्याची आशा होती. समुद्रकिनारा नसलेल्या या संस्थानाने मुरगाव बंदरासाठी पोर्तुगिजांकडे चाचपणीही केली होती. जून १९४८ मधील शेवटच्या मसुद्यात मर्यादित सैन्य राखण्याची मुभा होती. निजामांनी तो नाकारला. २१ जूनला माउंटबॅटन भारतातून गेले आणि मवाळ मध्यस्थही उरला नाही. तीन महिन्यांनी देण्याघेण्यासारखे काहीच शिल्लक राहिले नाही.

ऑगस्टमध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. परिषदेत विषय निघाला १६ सप्टेंबरला. तोवर भारतीय फौजा संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते. १७ सप्टेंबरला निजामांनी शरणागती पत्करली. तक्रार मात्र कित्येक वर्षे परिषदेच्या विषयपत्रिकेवर पडून राहिली.

या कालहरणाची झळ दरबारापेक्षा खेड्यांना अधिक बसली. मराठवाड्यातील कुटुंबे रझाकारांच्या भयाने सरहद्द ओलांडून सोलापूर, अहमदनगरकडे गेली. स्वामी रामानंद तीर्थ करारानंतर सुटले आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा तुरुंगात गेले. पोलीस कारवाईनंतर सूडाच्या लाटेत मुस्लिम वस्त्या होरपळल्या. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा दिला. तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही आणि तो अनेक दशके दडून राहिला. १७ सप्टेंबरचा उत्सव करताना ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

एक दावा तर २०१९ पर्यंत चालला. २० सप्टेंबर १९४८ रोजी लंडनच्या बँकेतील निजाम सरकारचे सुमारे १० लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवले गेले. निजामांनी आठवड्याभरातच ते परत मागितले. १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पाकिस्तानला सार्वभौम राष्ट्राचे संरक्षण मान्य केले आणि पैसे बँकेतच गोठले. २०१३ मध्ये पाकिस्ताननेच दावा गुदरला आणि हे संरक्षण गमावले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल भारत सरकार व निजामाच्या वारसांच्या बाजूने लागला, तेव्हा व्याजासह रक्कम सुमारे ३ कोटी ५० लाख पौंड झाली होती.