रखवालदार व ‘गुन्हेगार जमात’

इंग्रजी अमदानींत पोलीस खात्याच्या अंमलदारांनीं ‘गुन्हेगार जातीं’विषयीं लिहिलेलीं पुस्तकें व त्या काळचीं हजेरीचीं रजिस्टरें संग्राहकांच्या हातीं आलीं म्हणजे तीं बहुधा जातिवर्णनाच्या सदरांत ठेविलीं जातात. हें वर्गीकरण चुकीचें आहे, व त्याचें फळ जिवंत माणसांस भोगावें लागतें, असें आमचें मत आहे. त्याचीं प्रमाणें पुढें देत आहों.

एल्फिन्स्टन साहेबानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखासंबंधीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या बंदोबस्ताची जुनी रीत नमूद आहे. मुख्य जबाबदारी पाटलावर. त्याच्या हाताखालीं जागल्या. हा जागल्या कोठें महार, कोठें भिल्ल, तर कोठें रामोशी असे. चोरी झाली म्हणजे त्यानें चोराचा माग काढीत शिवेपर्यंत जावें, व माग शेजारच्या गांवांत शिरल्यास तेथील जागल्यानें तो पुढें चालवावा, असा शिरस्ता होता. पुरंदर किल्ल्याच्या रखवालीसही रामोशी होते. आज महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादींत १४ नांवें आहेत, त्यांत रामोशी हें एक आहे. चोर धरणाराचा वंशज चोर कसा ठरला, हा आमचा प्रश्न आहे.

पेशवाईंतील पोलीस निर्दोष होता असें मात्र कोणीं समजूं नये. १७९१ सालीं पुण्यांत घाशीराम कोतवालाच्या कैदेंत तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. परंतु तेथें क्षोभ झाला, कोतवाल लोकांच्या हवालीं करण्यांत आला, व तो दगडांच्या मारानें मेला. शिक्षेची ही तऱ्हा कोणी वाखाणणार नाहीं. तथापि दोष कैद्यांच्या जातीवर न जातां अधिकाऱ्यावर गेला, एवढें त्यांत दिसतें.

कंपनीचा अंमल बसल्यावर रखवालीचे हक्क गेले व रामोशांत असंतोष माजला. उमाजी नाइकाचें बंड हें त्याचें ठळक फळ. कप्तान मॅकिंटॉश यानें त्याचा पाठलाग चालविला. १८३१ च्या अखेरीस नाईक पकडला गेला व ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं त्यास पुण्यास फांशी दिलें. पुढच्याच वर्षीं याच मॅकिंटॉशनें रामोशी जातीच्या उत्पत्तीचा व स्थितीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. माहितीच्या दृष्टीनें तो मोलाचा आहे; पण वाचकानें लेखकाचा हुद्दा विसरूं नये. पाठलाग करणाराच येथें चरित्रकार झाला आहे.

१८३६ च्या ३० व्या कायद्यानें ठगांच्या टोळींत असणें हाच जन्मठेपेचा अपराध ठरला. १८७१ च्या २७ व्या कायद्यानें याहून मोठी मजल मारली. सरकारनें एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावी, तिच्या माणसांचीं नांवें रजिस्टरांत चढवावीं, त्यांनीं हजेरी द्यावी व परवान्यावांचून हद्द ओलांडूं नये. आणि त्या जाहिरनाम्याच्या कायदेशीरपणाविषयीं कोणत्याही न्यायालयानें शंका घेऊं नये, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. म्हणजे आरोप सरकारचा, निकालही सरकारचा, व पुरावा जन्माचा.

हा कायदा झाला तेव्हां सरकारचा कायदेमंत्री जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा होता. त्याच्याच कारकीर्दींत १८७२ चा फौजदारी प्रक्रियेचा कायदा झाला. त्यान्वयें मुफसलांतील युरोपीय ब्रिटिश प्रजाजनाचा खटला युरोपीय मॅजिस्ट्रेटापुढेंच चालावयाचा होता. हे दोन कायदे शेजारीं ठेवून वाचावे. एकास जन्मामुळें संरक्षण, दुसऱ्यास जन्मामुळें संशय. वर्णभेद यापेक्षां उघड कोणत्या कागदांत सांपडणार?

आतां मुंबई इलाख्याकडे वळूं. येथें मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचें गुन्हेगार वर्गांविषयींचें पुस्तक १९०८ सालीं निघालें, आणि १९११ च्या कायद्यानें जमातींच्या नोंदणीची ती पद्धत सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागूं करतां येऊं लागली. १९२४ सालीं हे नियम एकत्र करण्यांत आले. बोटांचे ठसे, सक्तीच्या वसाहती, मुलांस आईबापांपासून तोडून शाळेंत ठेवण्याची मुभा, हें सर्व त्यांत आहे. सोलापूरची तारेच्या कुंपणाची वसाहत ‘सेटलमेंट’ या नांवानेंच लोकांच्या स्मरणांत राहिली.

कोणी म्हणेल, या जमातींतील कांहीं माणसें दरवडे घालीत नव्हतीं काय? घालीत असतील. पण दरवडा माणूस घालतो, जात घालीत नाहीं. आणि रजिस्टरांत नांव चढण्यास अपराध सिद्ध होण्याची जरूरच नव्हती. म्हणून तें रजिस्टर गुन्ह्यांचा पुरावा होऊं शकत नाहीं.

३१ ऑगस्ट १९५२ पासून हा कायदा रद्द झाला. पण त्याच्या जागीं राज्याराज्यांतून ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले, आणि ठाण्यांतील संशय तसाच राहिला. १९९८ च्या फेब्रुवारींत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यांत खेडिया शबर या विमुक्त जमातीचा बुधन शबर कोठडींत मरण पावला. पोलिसांनीं आत्महत्या म्हटलें. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयानें तें मान्य न करतां त्याच्या विधवेस नुकसानभरपाई देवविली. कारागृहांच्या नियमांतील जातिभेद सर्वोच्च न्यायालयानें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं रद्द केला, तेव्हां विमुक्तांस जन्मतः सराईत समजण्याच्या वृत्तीचाही त्यास समाचार घ्यावा लागला. इतकी ही शाई चिवट आहे.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, असे कागद जाळूं नयेत व लपवूंही नयेत, जपून ठेवावे. मात्र यादी करतांना ते ‘जातिवर्णन’ म्हणून न नोंदतां ‘पोलिसी दफ्तर’ म्हणून नोंदावे, लेखकाचा हुद्दा व साल द्यावें, आणि जवळ रखवालीच्या हक्कांचे जुने मराठी कागद असल्यास ते त्यांच्या शेजारीं ठेवावे. ज्यांचीं नांवें त्या रजिस्टरांत आहेत, त्यांची बाजू बहुधा तेवढ्याच कागदांत उरली आहे.