मोबाइलचे हप्ते : ‘शून्य टक्के’ व्याजाचा खरा हिशेब

चतुर्थी-दिवाळीच्या सुमारास दुकानांत आणि संकेतस्थळांवर ‘शून्य टक्के व्याज’ किंवा ‘नो-कॉस्ट ईएमआय’चे फलक झळकू लागतात. महिन्याचा हप्ता लहान दिसतो, त्यामुळे महागडा फोनही आवाक्यात आल्यासारखा वाटतो. मात्र तुलना करायची ती हप्त्याची नव्हे, तर शेवटी खिशातून जाणाऱ्या एकूण रकमेची.

व्याज जाते कुठे?

शून्य टक्के योजनेतही कर्ज देणारी संस्था सहसा व्याज आकारतेच. व्याजाइतकी सूट विक्रेता किमतीतून देतो किंवा रोखीच्या ग्राहकाला मिळणारी सवलत हप्त्याच्या ग्राहकाला नाकारली जाते. अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या आडून वसूल होते, यावर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बोट ठेवले होते.

एक उदाहरण

समजा, फोनची किंमत २४,००० रुपये असून रोखीने घेतल्यास २,००० रुपये सवलत आहे. म्हणजे रोखीचा भाव २२,००० रुपये. क्रेडिट कार्डावर २,००० रुपयांचे १२ हप्ते घेतले आणि बँकेचा दर १५ टक्के असला, तर २४,००० रुपयांत सुमारे १,८४० रुपये व्याज दडलेले असते. कार्डावरील व्याजाला १८ टक्के जीएसटी लागतो. तो झाला सुमारे ३३० रुपये. १९९ रुपये प्रक्रिया शुल्क करासह २३५ रुपयांवर जाते. एकूण खर्च सुमारे २४,५६५ रुपये, म्हणजे रोखीपेक्षा २,५६५ रुपये जास्त. मुद्दल दरमहा घटत असल्याने रोखीच्या भावाच्या तुलनेत हा वार्षिक दर वीस टक्क्यांहून अधिक पडतो.

सवलत दोन्हीकडे सारखीच असेल, तर फरक केवळ शुल्क व कराचा उरतो आणि हप्ते सोयीचे ठरू शकतात.

करारपद्धत

ब्रिटनसारख्या देशांत फोन आणि सेवा एकाच करारात, बहुधा २४ महिन्यांसाठी मिळतात. गोव्यातील अनेक कुटुंबांना परदेशस्थ नातलगांमुळे ही पद्धत परिचित आहे. तेथे फोनची किंमत मासिक बिलात मिसळलेली असते. मुदत संपल्यावर ग्राहकाने योजना बदलली नाही, तर फेडून झालेल्या फोनचे पैसेही जात राहू शकतात. भारतात बहुतेक जोडण्या प्रीपेड असल्याने फोन व सिमकार्ड वेगवेगळे घेतले जातात. त्यामुळे येथे तुलना मुख्यतः रोख आणि हप्ते यांचीच असते.

सही करण्यापूर्वी

१ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जासाठी ‘मुख्य तथ्य विवरणपत्र’ देणे बँका व वित्तसंस्थांना बंधनकारक आहे. सर्व शुल्कांसह वार्षिक दर त्यात दिलेला असतो. क्रेडिट कार्डावरील रकमेला मात्र ही तरतूद लागू नाही. तेथे ग्राहकाने स्वतःच हिशेब मांडावा. रोखीचा अंतिम भाव, प्रक्रिया शुल्क, विमा किंवा अन्य जोड-सेवा आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क लेखी विचारून घ्यावे. हप्ता चुकल्यास दंड तर पडतोच. शिवाय पतगुणांक घसरतो आणि उद्याचे गृहकर्ज महागण्याची शक्यता वाढते.