मैफलींचे वर्षचक्र : रसिक ज्यांची वाट पाहतात ते देशातील संगीत महोत्सव

वर्ष संपत आले की संगीताचे जाणते श्रोते सरत्या वर्षात कोणती मैफल सर्वाधिक रंगली, याचा हिशेब मांडतात. ध्वनिमुद्रण कधीही आणि कितीही वेळा ऐकता येते. प्रत्यक्ष मैफलीत मात्र कलाकाराची त्या दिवशीची मनःस्थिती, साथीदारांशी जुळलेला सूर, श्रोत्यांची दाद आणि प्रहर यांचा मेळ एकदाच जमतो. म्हणूनच पुणे, कोलकाता, चेन्नई, वाराणसी किंवा ग्वाल्हेरला जाण्यासाठी रजा राखून ठेवणारे रसिक आजही आहेत. अशा रसिकांच्या वर्षात ज्या मैफलींना मानाचे स्थान असते, त्यांचा इतिहास, त्यांचे स्वरूप आणि त्यांच्यापुढील प्रश्न यांचा हा आढावा.

दरबारातून मांडवाकडे

राजदरबार आणि धनिकांच्या दिवाणखान्यात होणारे रागसंगीत सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी जाहीर कार्यक्रमांना प्रतिष्ठा मिळवून दिली आणि 1901 मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने 1916 मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. स्वातंत्र्यानंतर संस्थानांचा आश्रय संपला आणि ती जागा संगीत मंडळे, परिषदा व आकाशवाणी यांनी भरून काढली. बा. वि. केसकर केंद्रीय मंत्री असताना, 1954 मध्ये, आकाशवाणी संगीत संमेलन सुरू झाले.

काही समारोह मात्र याहून पुष्कळ जुने आहेत. जालंधरच्या देवी तलाव मंदिर परिसरातील हरिवल्लभ संगीत संमेलन 1875 पासून भरत आले आहे. स्वामी हरिवल्लभ यांनी आपले गुरू स्वामी तुलजागिरी यांच्या स्मरणार्थ ते सुरू केले. डिसेंबरअखेरच्या कडाक्याच्या थंडीत शाली व रजया पांघरून बसणारे श्रोते, ही या संमेलनाची ओळख आहे. पलुसकरांनीही येथे हजेरी लावली होती.

डिसेंबर : ग्वाल्हेर, पुणे आणि चेन्नई

ग्वाल्हेरचा तानसेन समारोह 1924 मध्ये सुरू झाला आणि 2024 मध्ये त्याचे शंभरावे पर्व साजरे झाले. तानसेनांची समाधी सूफी संत मोहम्मद गौस यांच्या भव्य मकबऱ्यालगत आहे. समारोहाचा आरंभ हरिकथा, मिलाद आणि सनईवादनाने होतो. सांगतेच्या सत्रांपैकी एक तानसेनांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या बेहट येथे, झिलमिल नदीच्या काठी होते. समारोहाला प्रवेश विनामूल्य असतो.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभ 1953 चा. ‘सवाई गंधर्व’ म्हणून ओळखले जाणारे पंडित रामभाऊ कुंदगोळकर यांचे 1952 मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या माध्यमातून हा उत्सव उभा केला. गुरूच्या पुण्यतिथीचा हा छोटेखानी कार्यक्रम पुढे हजारो श्रोत्यांचा महोत्सव झाला. अनेक दशके तो न्यू इंग्लिश स्कूल, रमणबागेच्या मैदानावर भरत असे. आता तो मुकुंदनगर येथील महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. 2011 मध्ये भीमसेनजींच्या निधनानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. भीमसेनजींचे वय झाल्यानंतर बरीच वर्षे महोत्सवाची सांगता किराणा घराण्याच्या ज्येष्ठ गायिका डॉ. प्रभा अत्रे यांच्या गायनाने होत असे. जानेवारी 2024 मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतीय बैठकीवर सतरंजी टाकून दिवसभर बसणारे श्रोते, घरून आणलेला डबा आणि दोन कलाकारांच्या मधल्या वेळेत रागाच्या नावावरून रंगणारे वाद, हे सारे ‘सवाई’चे अंगभूत भाग आहेत. या व्यासपीठावर नवोदित कलाकाराला मिळालेली दाद त्याच्या पुढील वाटचालीत मोलाची मानली जाते.

याच महिन्यात चेन्नईत मार्गळी या तमिळ महिन्यातील संगीतपर्व सुरू होते. काँग्रेसच्या 1927 च्या मद्रास अधिवेशनाला जोडून संगीत परिषद भरली आणि तिच्यातूनच 1928 मध्ये मद्रास म्युझिक अकॅडमी उभी राहिली. आज डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत शहरातील अनेक सभांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत कच्चेरी, म्हणजे कर्नाटक संगीताच्या मैफली, चालू असतात. अकॅडमीचा ‘संगीत कलानिधी’ हा या क्षेत्रातील सर्वोच्च मान समजला जातो. 1968 मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी हा मान मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

प्रथमच जाणाऱ्या श्रोत्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सायंकाळची मुख्य सत्रे नामवंतांची आणि तिकिटाची असली, तरी दुपारी तरुण कलाकार गातात व अनेक सभांमध्ये त्या वेळी प्रवेश खुला असतो. उद्याचे मोठे गायक आज तेथेच ऐकायला मिळतात. दुसरे म्हणजे, कच्चेरीचा कळस ‘रागम् तानम् पल्लवी’ आणि त्यानंतरचे मृदंगम् आदी तालवाद्यांचे ‘तनि आवर्तनम्’ यांत असतो. तनि आवर्तनम् सुरू होताच उपाहारगृहाकडे वळणारे श्रोते हा चेन्नईतील जुना तक्रारीचा विषय आहे. कच्चेरीच्या उत्तरार्धात अनेक गायक अभंग गातात. त्यामुळे तमिळ श्रोत्यांच्या तोंडी विठ्ठलाचे नाव ऐकून मराठी पाहुण्याला नवल वाटते.

जानेवारी आणि फेब्रुवारी : अहमदाबाद, कोलकाता, तिरुवैयारू, मुंबई

तबलावादक पंडित नंदन मेहता आणि सतारवादक विदुषी मंजू मेहता यांच्या पुढाकाराने 1980 मध्ये अहमदाबादेत ‘सप्तक’ ही संस्था उभी राहिली. तिचा महोत्सव 1 ते 13 जानेवारी असा सलग चालतो. इतका दीर्घ आणि तरीही दर्जा राखणारा हिंदुस्थानी संगीताचा महोत्सव विरळाच. कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद 1952 पासून जानेवारीच्या उत्तरार्धात होते. दक्षिण कोलकात्यातील एका गल्लीतील मांडवात जन्मलेली ही परिषद आता नझरुल मंच सभागृहात भरते. रात्रभर चालणे हे तिचे वैशिष्ट्य तिने अद्याप टिकवले आहे.

तमिळनाडूत तंजावरजवळील तिरुवैयारू येथे, कावेरीकाठी, संत त्यागराज यांनी 1847 मध्ये समाधी घेतली. पुष्य वद्य पंचमीला तेथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच ‘पंचरत्न’ कृती सादर करतात. मंचावर कोणीही प्रमुख नसतो आणि विद्यार्थ्याच्या शेजारी विख्यात गायक बसलेला असतो. समाधीस्थानी मंदिर उभारण्याचे श्रेय बंगळूर नागरत्नम्मा यांचे आहे. 1920 च्या दशकात त्यांनी या कामासाठी आपली संपत्ती खर्ची घातली. स्त्रियांना तेथे गाण्याची मुभा नव्हती, तेव्हा त्यांनी स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांचे दरबारी निमंत्रण त्यागराजांनी नाकारल्याची आख्यायिकाही या भागात सांगितली जाते.

उस्ताद अल्लारखाँ यांचे 3 फेब्रुवारी 2000 रोजी निधन झाले. तेव्हापासून त्यांच्या स्मृतिदिनी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात पहाटेपासून रात्रीपर्यंत मैफली होत आल्या. हा कार्यक्रम उभा करणारे त्यांचे पुत्र उस्ताद झाकीर हुसेन यांनी डिसेंबर 2024 मध्ये जगाचा निरोप घेतला.

उन्हाळ्यापासून शरदापर्यंत

वाराणसीतील संकटमोचन मंदिराचा संगीत समारोह 1923 पासून, हनुमान जयंतीनंतर सहा रात्री चालतो. येथे तिकीट नसते. कलाकार मानधनाऐवजी हनुमंताच्या चरणी ‘हाजिरी’ म्हणून कला सादर करतात. 2015 मध्ये पाकिस्तानचे गझलगायक गुलाम अली यांनी येथे हजेरी लावली होती. याच सुमारास बंगळुरूत श्री रामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव रंगतो. 1939 मध्ये सुरू झालेला हा उत्सव चामराजपेठेतील फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर, मांडवाखाली भरतो.

ऑक्टोबरमध्ये शरद पौर्णिमेच्या आसपास जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावर लंगा, मांगणियार आणि अन्य लोककलाकारांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव 2007 पासून होत आहे. नोव्हेंबरमध्ये गोव्याची कला अकादमी केसरबाई केरकर स्मृती संगीत समारोह आयोजित करते. केसरबाईंच्या भैरवीचे ध्वनिमुद्रण 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. केरळमधील गुरुवायूर मंदिरात चेंबै वैद्यनाथ भागवतर यांच्या स्मरणार्थ होणारा संगीतोत्सव गुरुवायूर एकादशीला संपतो. तेथे विद्यार्थ्यांपासून ज्येष्ठांपर्यंत असंख्य कलाकार सेवा रुजू करतात.

तरुण श्रोत्यांचे वर्षचक्र काहीसे वेगळे असते. अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात, आपातानी जमातीच्या भातशेतीच्या परिसरात, 2012 पासून सप्टेंबरमध्ये स्वतंत्र बँडचा महोत्सव होतो. त्याचे मंच बांबूचे असतात. लोलापलूझा हा परदेशी महोत्सव 2023 मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर प्रथमच आशियात आला. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन कार्यक्रम झाले. अहमदाबादेतील श्रोत्यांची संख्या एका कार्यक्रमाला लाखाहून अधिक होती. या कार्यक्रमांच्या आणि पंजाबी गायक दिलजित दोसांझ यांच्या दौऱ्याच्या तिकिटांचा काळाबाजार झाल्याच्या तक्रारी आल्या आणि सक्तवसुली संचालनालयाने छापे घातले. मूळ किमतीच्या कैक पट दर मोजण्याची वेळ सामान्य चाहत्यावर यावी का, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

रात्रीच्या रागांचे काय?

शास्त्रीय संगीताच्या रसिकांची चिंता निराळी आहे. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर ठरलेले आहेत. दरबारी कानडा आणि मालकंस रात्रीचे, ललत रात्र सरताना, भैरव सकाळी, तोडी त्यानंतर. ‘सवाई’सारखे महोत्सव रात्रभर चालत, तेव्हा श्रोता हे सारे चक्र एका बैठकीत अनुभवत असे. पहाटेचे भीमसेनजींचे गायन ऐकून घरी परतणे, ही पुणेकरांच्या एका पिढीची आठवण आहे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई आहे. राज्य सरकारला सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी, वर्षातून कमाल 15 दिवस, रात्री 12 पर्यंत सूट देता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये रात्रीच्या शांततेचा आग्रह अधिक ठाम केला. बंदिस्त सभागृहांना या मनाईतून वगळलेले आहे. त्यामुळे डोव्हर लेनची रात्र टिकली आणि मोकळ्या मैदानावरील ‘सवाई’ची रात्र आखडली. तेथे आता सत्रे दुपारी सुरू होतात आणि विशेष परवानगीच्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत गाणे चालते.

या बदलाला दुसरी बाजूही आहे. रुग्णालये, परीक्षार्थी आणि वृद्ध यांच्या झोपेचा हक्क न्यायालयाने मान्य केला, याबद्दल संगीतप्रेमींनाही तक्रार करता येत नाही. दुपारच्या सत्रांमुळे भीमपलासी, मुलतानी, पटदीप, मधुवंती यांसारख्या रागांना हक्काची वेळ मिळाली. मुंबईत ‘पंचम निषाद’ संस्थेने ‘प्रातःस्वर’ या उपक्रमातून सूर्योदयाच्या मैफली भरवल्या, तर दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांनी सकाळचे राग गावोगावी पोहोचवले. उरला तो मध्यरात्र ते पहाट हा काळ. रात्रीचे राग सायंकाळीच गाऊन घेणे काही कलाकारांनी स्वीकारले आहे, तर काहींना ती तडजोड मान्य नाही. कर्नाटक पद्धतीत वेळेचे बंधन इतके कडक नसल्याने चेन्नईपुढे हा पेच उभा राहिलेला नाही.

गेल्या दोन दशकांत ऐकू लागलेल्या अनेक श्रोत्यांनी मालकंस प्रत्यक्ष मध्यरात्री ऐकलेला नाही. त्यांना तशी संधी घ्यायची असेल, तर आजही जानेवारीत कोलकाता आणि हनुमान जयंतीनंतर वाराणसी ही दोन ठिकाणे खुली आहेत. वाराणसी, तिरुवैयारू आणि गुरुवायूर येथील उत्सवांच्या तारखा तिथीनुसार दरवर्षी बदलतात. डिसेंबरमध्ये पुणे, ग्वाल्हेर, जालंधर आणि चेन्नई येथील कार्यक्रम एकमेकांच्या जवळपास येतात. त्यामुळे एका वर्षात हे सर्व साधणे कठीण आहे. अनुभवी रसिक दरवर्षी त्यांतील एक निवडतात आणि उरलेले पुढील वर्षासाठी राखून ठेवतात.