वसंतचित्रांतील मुले

चिनी चित्रकलेत खेळणाऱ्या मुलांच्या चित्रांचा एक स्वतंत्र प्रकार आहे. 'लीछुन', म्हणजे वसंतारंभ, ४ फेब्रुवारीच्या सुमारास येतो. उत्तरेत तेव्हा थंडी ओसरलेली नसते. तरी चित्रांतील मुले फटाके उडवितात, कंदील मिरवितात, बोकडावर स्वार होतात. या केवळ बाललीला आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ही चित्रे पाहण्यापेक्षा वाचावी लागतात.

त्यांची किल्ली भाषेत आहे. चिनीत समोच्चारी शब्द विपुल. फुलदाणी आणि शांती दोन्ही 'पिंग', वटवाघूळ आणि सुदैव दोन्ही 'फू'. आपण अभद्र मानलेला तो जीव तेथे मंगलदूत ठरतो तो असा! बोकड वा मेंढा 'यांग', आणि उष्ण, तेजोमय तत्त्वही 'यांग'. चिनी पंचांगातील पहिल्या महिन्याशी जोडलेल्या सहा रेषांच्या आकृतीत खालच्या तीन रेषा यांगच्या असतात. म्हणून तीन बोकड म्हणजे परतलेला वसंत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील युआनकालीन (१२७१-१३६८) भरतकामात मुले व बोकड एकत्र दिसतात ते याच अर्थाने.

ही मुले बहुतेक मुलगेच असतात. वंश चालविणारा पुत्र हवा, हीच त्यामागील आस. बाराव्या शतकातील दरबारी चित्रकार सू हानछन याच्या तैपेई येथील शरदचित्रात भावाबरोबर बहीणही खेळते, म्हणून ते मला अधिक प्रिय आहे. याच सू हानछनने सम्राट गाओझुंगच्या दरबारी सेवा केली. गाओझुंगचा एकुलता पुत्र ११२९ साली बालपणीच वारला. पुढे त्याला मूल झाले नाही. दत्तक पुत्राच्या हाती त्याने ११६२ साली राज्य सोपविले.

सहा शतकांनंतर तीच कथा पुन्हा घडली. जुझ्वीट बंधू जुझेप्पे कास्तील्योने लिस्बनहून गोव्यामार्गे १७१५ साली चीनला पोहोचले व पुढे दरबारी चित्रकार झाले. चिनी सहकाऱ्यांसह त्यांनी १७३८ साली छ्यानलुंग सम्राटाचे नववर्षाचे हिमचित्र रंगविले. अंगणात बर्फ, भोवती हसरी मुले, मध्ये प्रसन्न पिता. त्याच वर्षी सम्राटाचा लाडका पुत्र योंगल्यान आठव्या वर्षी निवर्तला होता. वर्षअखेरीस त्याचे दोनच पुत्र हयात होते. चित्रात मात्र मुलांची गर्दी आहे.